नववा फास

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी माझा नवरा दात घासताना पडला. मी फोन केला. रुग्णवाहिका आली. इस्पितळात डॉक्टरांनी तो गेल्याची वेळ सांगितली आणि मी ती पर्समधल्या पावतीच्या मागे लिहून घेतली. दुपारी आमच्याकडे माणसं जेवायला येणार होती. त्यांना कळवायचं राहिलं, म्हणून ती आली.

त्यानंतरच्या दिवसांबद्दल मला फारसं लिहिता येत नाही. इथल्या पद्धतीने झालं ते झालं, उरलेलं करायला मी पुण्याला गेले, आणि एप्रिलच्या अखेरीस जपानात, नागोयाला परत आले. सासूबाई म्हणाल्या, आता तिथे काय आहे? मी म्हटलं, नोकरी आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी आठवड्यातले चार दिवस कामाला जाते, परदेशी पुस्तकांच्या नोंदी करते. तिथे दिवसभर कुणी बोललं नाही तरी चालतं.

मग मी घर आवरलं. मी दमले की आवरते. कागद कागदाच्या दिवशी, पत्रा पत्र्याच्या दिवशी, कापड कापडाच्या दिवशी असा इथे कचरा द्यावा लागतो, आणि त्या वेळापत्रकाने मला दोन महिने उभं ठेवलं. जुनी वर्तमानपत्रं, मोटारीचे सुटे भाग बनवणाऱ्या त्याच्या कंपनीची परिपत्रकं, नकाशे, सगळं सुतळीने बांधून मी कोपऱ्यावर नेऊन ठेवलं. त्या गठ्ठ्यात त्याचा शिकारीचा नकाशाही होता. मला तो दिसला होता. लाल शाईने रंगवलेले राखीव भाग आणि त्यांच्या कडेकडेने पेन्सिलीच्या खुणा. मी तो घडी करून गठ्ठ्यात घातला.

शिकारीबद्दल आधी सांगायला हवं. तो चिपळूणच्या वरच्या अंगाच्या एका गावातला. रानडुकरांनी रात्रीत उकरून टाकलेले रताळ्याचे वाफे सकाळी बघायचे, हे त्याचं लहानपण. मी पुण्याची, अंडंही न आणणाऱ्या घरातली. नागोयाहून दोन तासांवर मिकावाच्या डोंगरात भटकताना त्याला रस्त्याकडेला एक भाजीचा मांडव सापडला. विकणारा कुणी नाही, डब्यात पैसे टाकायचे आणि मुळा उचलायचा. पण त्या दिवशी मांडवात मुळा नव्हता आणि एक म्हातारे गृहस्थ मागच्या उकरलेल्या शेताकडे बघत उभे होते. हा त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. तिथून सुरुवात झाली. घरी तो त्यांचा उल्लेख ‘आजोबा’ असाच करायचा.

इथे फास लावून डुक्कर धरायलाही परवाना लागतो. हिवाळ्यातले ठरावीक महिने, ठरावीक भाग, आणि प्रत्येक फासाजवळ शिकाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक लिहिलेली पाटी. परवान्याच्या परीक्षेत प्राण्यांची चित्रं दाखवतात आणि कोणता धरायचा, कोणता नाही, ते काही सेकंदांत सांगायचं असतं. ती चित्रं जेवणाच्या टेबलावर एकेक करून मी त्याला दाखवत असे. गुबगुबीत रानकुत्र्यासारखी तानुकी, कोल्हा, हरीण. डोंगरातला तो केसाळ, शेळीसारखा कामोशिका आला की तो दर वेळी हरीण म्हणायचा. मी म्हणायचे, गेलास तुरुंगात. दुसऱ्या खेपेला तो पास झाला. त्याच्या शिकारीतला माझा भाग एवढाच.

बाकी आमचा करार होता. मांस घरात येणार नाही, बूट बाल्कनीत राहतील. त्याने तो पाळला. तो कुठे जातो हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि मग मला ते माहीत झालं असतं.

ऑक्टोबरमध्ये कुरियरने एक जड खोकं आलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले तारेचे आठ फास होते, आठ पाट्या होत्या आणि आजोबांचं पत्र होतं. मला जपानी बोलता येत नाही असं नाही, पण समोरचं माणूस बोलायला लागलं की माझं सुचणं थांबतं. वाचायला मात्र येतं, कोश घेऊन, सावकाश. पत्र वाचायला मला एक संध्याकाळ लागली. त्यांनी लिहिलं होतं की नवीन हंगाम जवळ आला आहे आणि गेल्या वर्षीच्या वस्तू त्यांच्याकडे राहाव्यात हे बरोबर नाही. गावाजवळचे आठही फास त्यांनी फेब्रुवारीतच काढून आणले होते. ‘नववा तुमच्याकडे आहे असं आपण फोनवर सांगितलंत, त्यामुळे एकूण नऊ पूर्ण होतात.’

मी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग बाल्कनीत जाऊन कपाट उघडलं. ते रिकामं आहे हे मला माहीत होतं, मीच ते रिकामं केलं होतं.

फोन आला होता खरा. तो गेल्यानंतर दहा-बारा दिवसांनी. मी बॅग भरत होते. आजोबा हळू आवाजात बरंच बोलले, त्यांच्या डोंगराकडच्या हेलात. मी मधे मधे ‘हाई, हाई’ म्हणत होते. अकरा वर्षांत मला लागलेली ही सवय आहे. बँकेत, दवाखान्यात, शेजारणीशी, वडीलधाऱ्या माणसाचं वाक्य संपलं की ‘हाई’. कळलं तर होकार म्हणून, नाही कळलं तर मान ठेवायचा म्हणून. शेवटी त्यांनी काही तरी विचारलं, आवाज वर गेला म्हणून प्रश्न आहे हे समजलं. मी म्हटलं, हाई. त्यांनी आभार मानले. मी बॅगेची चेन लावली.

आणि त्याही आधीचा एक शुक्रवार मला आता आठवला. नववा फास लांब होता, गाडीशिवाय पोचता न येण्याजोगा. आजोबांनी त्याआधीच्या शरद ऋतूत वयामुळे वाहन चालवायचा परवाना परत केला होता. गावाजवळचे फास आठवडाभर तेच रोज पायी फिरून बघत. लांबचा हा एक फास नवरा शनिवारी सकाळी लावायचा आणि रविवारी दुपारी उतरवायचा. मागे कुणी बघणारं नसताना फास लावून ठेवायचा नाही, हा आजोबांचा नियम. पण त्या शनिवारी मी माणसं जेवायला बोलावली होती, म्हणून त्याने शुक्रवारी अर्धी रजा घेतली. रात्री बूट बाल्कनीत ठेवताना तो म्हणाला, “नववा लावून आलो. रविवारी जाऊन काढतो.” मी म्हटलं, “हात धुऊन ये.”

म्हणजे फास लावलेला होता. फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत, त्याच्या नावाची पाटी घेऊन.

मी आजोबांना पत्र लिहिलं, नववा माझ्याकडे नाही आणि नकाशाही मी देऊन टाकला. फोन करायची हिंमत नव्हती. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, चार ओळींचं. नेमकी जागा मलाही माहीत नाही, पण नकाशा नसला तरी गाडी आहे ना, तुमचे यजमान गाडीच्या यंत्राला विचारल्याशिवाय वळत नसत. शनिवारी आठ वाजता मी मांडवापाशी उभा राहीन.

खरंच होतं. गाडीच्या पडद्यावर जुन्या ठिकाणांची यादी होती. गाडी महिनोन् महिने पार्किंगमध्ये उभी होती, मी आठवड्यातून एकदा बॅटरीसाठी ती सुरू करून बंद करत असे. यादी कधी उघडली नव्हती. त्यात कंपनी होती, भारतीय किराणा होता, विमानतळ होता, आणि खाली डोंगरातली पाच निशाणं, नावाशिवाय, नुसती झेंडी.

शनिवारी मी पहाटे निघाले. मला डोंगरात गाडी चालवायची सवय नाही. बोगदे आले की मी रेडिओ बंद करते. आठला दहा मिनिटं असताना मांडवापाशी पोचले तर आजोबा पायात रबरी बूट घालून, भगवं जाकीट आणि टोपी घालून उभे होते. पहिलं निशाण तेच होतं. मांडवात मुळे होते.

“ओकुसान, तुम्ही सावकाश चालवता,” गाडीत बसून पाच मिनिटं झाल्यावर ते म्हणाले. “छान आहे. इंजिनिअर-सान वळणावर मला झोपू देत नसत.”

इंजिनिअर-सान म्हणजे माझा नवरा, आणि ओकुसान म्हणजे कुणाची तरी बायको. अजून ते मला तेच म्हणत होते, आणि मला ते चाललं.

त्यांनी कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून घेतलेल्या भाताच्या दोन त्रिकोणी वड्या पिशवीतून काढल्या. एक स्वतःसाठी, दुसरी माझ्यापुढे धरली. आत आंबट उमे होतं, खारवलेलं आलुबुखार. माशाची नाही हे त्यांनी पाकीट उलटून मला दाखवलं. घरी काय चालतं आणि काय नाही, ते त्यांना सांगितलेलं होतं तर.

दुसऱ्या निशाणापाशी लाल पाटी होती, पक्षी आणि प्राणी यांच्यासाठी राखीव भागाची. आजोबा म्हणाले, पहिल्या वर्षी तो उत्साहाने इथपर्यंत आला आणि पाटी वाचून परत फिरला, एवढंच. तिसरं निशाण एका पडीक भातखाचराचं. तिथे ते उतरले, कारण गाडी आलीच आहे तर या हंगामासाठी जागाही बघून ठेवाव्यात असं त्यांचं म्हणणं. मला घाई होती. पण मी त्यांच्या मागे चालत राहिले.

त्यांनी मला काय काय दाखवलं ते मी लिहून ठेवते, कारण ते दुसरं कुणी मला शिकवणार नाही. बांधाचा दगड उलटा पडलेला असेल तर खाली गांडुळं शोधली आहेत. चिखलाचं डबकं गढूळ असेल तर आज लोळून गेलं आहे, निवळलेलं असेल तर परवा. लोळून झालं की डुक्कर झाडाला अंग घासतं, आणि खोडावर गुडघ्याएवढ्या उंचीवर चिखल लागतो. खोडावरचा चिखल किती उंच आहे, तेवढं ते डुक्कर. चेस्टनटची काटेरी टरफलं सोललेली दिसली तर माकड, चिरडलेली दिसली तर डुक्कर. त्यांनी एका खोडावर हात ठेवला आणि म्हणाले, “हा मोठा आहे. याला धरायला मी आता पुरणार नाही.” मग थोडं चालून म्हणाले की इंजिनिअर-सानही पुरले नसते, तीन हिवाळ्यांत त्यांना मिळाली दोन डुकरं आणि एक तानुकी, आणि तानुकीला सोडताना ती यांनाच चावली.

“मला तो म्हणाला होता की बोट पत्र्याने कापलं,” मी म्हटलं.

“पत्र्याला दात होते,” आजोबा म्हणाले.

मी हसले. हसून झाल्यावर मला फार थकवा आला आणि मी बांधावर बसले. ते थांबले, दुसरीकडे बघत.

चौथ्या निशाणापाशी काहीच नव्हतं. रस्त्याचं एक वळण, लोखंडी कठडा, खाली बांबूचं रान. मी दोनदा पुढे-मागे जाऊन बघितलं. वाट नव्हती, ओढा नव्हता. आजोबांनी आपला जुना फोन काढून मला दाखवला. संपूर्ण खोऱ्यात फोन लागतो तो या वळणावर. मग मला कळलं. दर रविवारी दुपारी फोन यायचा, निघतोय, दूध आणू का? मी म्हणायचे, आण, किंवा नको आणूस, कालचं आहे. मला वाटायचं तो आजोबांच्या घरातून बोलतोय. तो गाडी इथे कडेला लावून बोलत होता.

पाचवं निशाण जंगल खात्याच्या कच्च्या रस्त्याच्या टोकाला होतं. तिथे गाडीची वाट संपते आणि देवदाराची लावलेली झाडं सुरू होतात. आजोबा चढाकडे बघून म्हणाले की ते हळू येतील, मी पुढे व्हावं. काठीने जमीन चाचपत जा, पाय आधी टाकू नका, फास अजून उघडा असेल तर तो माणूस आणि डुक्कर यांत फरक करत नाही.

मी काठी टेकत चढले. झाडांच्या आत उजेड कमी होता. वाट अशी नव्हती, पण बघत राहिल्यावर एक रेघ दिसायला लागली, पानं दाबली गेलेली, नेच्यांची पाती एका अंगाला कललेली. त्या रेघेने गेले. एका खोडावर वाळलेला चिखल होता, माझ्या गुडघ्याच्या खाली. लहान जनावराचा. पुढे दहा-बारा पावलांवर नेचे एकदम थांबले.

तिथे एका झाडाभोवती जमीन गोल होती. इतर सगळीकडे नेचे वाढलेले, आणि या गोलात फक्त बारीक नवं गवत. गोलाच्या कडेला माती आत खचलेली. झाडाची साल बुंध्याशी सोललेली होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी ते काय आहे हे समजलं. तार जितकी लांब तितकंच फिरता येतं, आणि जनावर फिरत राहिलं होतं.

पाटी झाडाला होती. तार गवतातून शोधत मी टोकाला पोचले. फास आवळलेला होता. आत पायाचं हाड होतं, खूर होता, आणि थोड्या अंतरावर बाकीची हाडं, कोल्ह्यांनी वाटून नेल्यावर उरलेली. जबडा माझ्या तळव्याएवढा. त्या वर्षीचं पिल्लू असावं.

मी तिथेच उभी राहिले. आजोबा वर येईपर्यंत बराच वेळ गेला. त्यांनी बघितलं, टोपी काढली, हात जोडले. मीही जोडले.

मग मी बोलले. मला वाटतं जपानीत मी सलग इतकं कधीच बोलले नव्हते. व्याकरण चुकलं असेल. “तुम्ही फोनवर काय विचारलंत ते मला कळलं नव्हतं. मला काहीच कळलं नव्हतं. मी नुसतं ‘हाई’ म्हटलं.”

आजोबा खाली बसले होते, फासाची कळ सैल करत. वर न बघता म्हणाले, “ते माहीत होतं.”

मी काठी झाडाला टेकवून ठेवली.

“तुम्हाला कळलेलं नाही हे मला त्याच वेळी समजलं होतं, ओकुसान. पुन्हा विचारायला हवं होतं. पण माझ्याकडे गाडी नव्हती, बर्फ होता, आणि शेजाऱ्याला मी आधीच दोनदा त्रास दिला होता. मला ‘हाई’च ऐकायचं होतं.” तार ओढून बघत ते म्हणाले, “उन्हाळाभर मला झोप लागली नाही. म्हणून खोकं पाठवलं. आठच पाठवले.”

त्यांनी तार सोडवली. हाडं आम्ही गोळा केली आणि त्या गोलातच खड्डा करून पुरली. माती मऊ होती, जनावरानेच ती उकरून ठेवली होती. मी कधी मांसाला हात लावला नव्हता, हाडांनाही नाही. त्या दिवशी लावला. घाण वाटली नाही. आजोबांनी खिशातून साकेची, तांदळाच्या दारूची लहान बाटली काढून मातीवर थोडी ओतली, आणि मला विचारलं की तुमच्याकडे काय करतात. मी माझी पाण्याची बाटली उघडली. बाटलीतलं पाणी मी हातावरून सोडलं.

उतरताना ते माझ्या खांद्याला धरून उतरले. गाडीत बसल्यावर म्हणाले की या वर्षी ते फक्त तीन फास लावणार आहेत, घरामागे, दिसतील असे. डुकरं रताळी खातील तेवढी खातील. मी विचारलं, आणि ते मोठं? ते म्हणाले, “ते मोठं आहे, मी म्हातारा आहे. बघू कोण आधी जातंय.” वळणावर पोचल्यावर त्यांनी मला गाडी थांबवायला सांगितली. सुनेला फोन करायचा होता, जेवायला घरी येतोय म्हणून. ते कठड्याशी उभे राहून बोलले. मी काच खाली करून आत बसून राहिले. ते बोलत होते त्यातलं बरंचसं मला कळत होतं.

मांडवापाशी त्यांना उतरवलं. त्यांनी डब्यात नाणं टाकलं, मुळा उचलून मला दिला, आणि म्हणाले की वर फास लावले नाहीत तरी हंगाम सुरू झाला की महिन्यातून एकदा तरी वर जाऊन बघायला हवं, जागा बघायला गाडी लागते. मी ‘हाई’ म्हटलं. मग थांबून, त्यांनी काय विचारलं आहे ते मनात पुन्हा लावून पाहिलं, आणि म्हटलं की महिन्याच्या पहिल्या शनिवारी येईन.

तेव्हापासून मी दोनदा जाऊन आले. सावकाश चालवते.

नवव्या फासाची तार धुऊन बाकीच्या आठांबरोबर बाल्कनीतल्या कपाटात ठेवली आहे. पाटी माझ्या टेबलावर, कोशाशेजारी आहे. तिच्यावर त्याचं नाव आहे, गेल्या वर्षीचा नोंदणी क्रमांक आहे आणि आमचा पत्ता आहे. पत्ता अजून तोच आहे.